‘ग्रीन कार्ड’ : चित्रपट संपतो तिथून पुढे

आज आपण पीटर वीअरच्या ‘ग्रीन कार्ड’ या १९९० सालच्या चित्रपटाबद्दल बोलू. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्टीला काचघर असलेला फ्लॅट हवाय, आणि तो फक्त जोडप्यालाच मिळणार. फ्रेंच जॉर्जला अमेरिकेत राहायचंय. दोघं कागदोपत्री लग्न करतात. पुढे चौकशी लागते, एकत्र राहावं लागतं, प्रेम जडतं. मुलाखतीत जॉर्जला तिच्या क्रीमचं नाव आठवत नाही आणि बिंग फुटतं. त्याला देशाबाहेर काढतात. निरोपाच्या वेळी दोघं अंगठ्या घालतात.

मुलाखतीचा प्रसंग आम्हाला आजही पटतो. बायकोला पुरतं ओळखणारा माणूस एका डबीच्या नावावर अडतो. सरकारी चौकशीला संसार किती दिसतो, हे तिथे नेमकं कळतं.

आमची तक्रार शेवटाबद्दल आहे. खोटं लग्न आता खरं झालं, असं चित्रपट सांगतो. कायदा मात्र विचारतो, लग्नाच्या दिवशी संसार करायचा इरादा होता का? नंतरचं प्रेम हे त्याचं उत्तर होत नाही. उलट, बनावट लग्न एकदा सिद्ध झालं की पुढे खऱ्या लग्नावर केलेला अर्जही सहसा नामंजूर होतो.

आणि ज्यांचं लग्न पहिल्यापासून खरं आहे, त्यांचं काय? १९९६ च्या कायद्यानंतर हद्दपार माणसाला बहुधा १० वर्षं परतता येत नाही. आधी यायचं तर खास परवानगी लागते. नुसतं लग्नाचं सर्टिफिकेट पुरत नाही. वर्षाहून जास्त बेकायदा मुक्काम झाला असेल, तर वेगळी माफीही मागावी लागते. त्यासाठी अमेरिकेतल्या जोडीदाराला पराकोटीचा त्रास होईल, हे दाखवायचं. साधा विरह त्यात धरत नाहीत. मग आजारपणाचे कागद, घराचे हप्ते, सगळं जोडायचं. म्हणजे बघा, आधी प्रेम सिद्ध करायचं, मग दुःख!

चित्रपट यातून अलगद सुटतो, कारण आता ब्रॉन्टीनेच फ्रान्सला यायचं असतं. तिला ते जमेलही. पण जिची नोकरी, आजारी आई, मुलं इथेच आहेत, ती कुठे जाणार? तिची गोष्ट निरोपानंतर सुरू होते, आणि अशा चित्रपटांत आम्हाला ती क्वचितच दिसते.