विक्री जमली, संपादनाचं काय?

प्रकाशकांनी साभार परत केलेली कादंबरी माळ्यावर जायची, तो काळ सरला. अश्विन सांघी यांनी 'द रोझाबल लाइन' २००७ साली स्वतःच काढली, तीही शॉन हेगिन्स या नावानं. आपल्याच नावातली इंग्रजी अक्षरं फिरवून त्यांनी ते तयार केलं होतं. अमीश त्रिपाठी यांच्या 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'लाही प्रकाशकांनी दारातूनच परत पाठवलं. २०१० मध्ये त्यांच्या साहित्य-एजंटनंच ती छापली. अमीश यांनी पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांतून फुकट वाटलं आणि यूट्यूबवर कादंबरीचा जाहिरातपट टाकला. दोघंही मुंबईचे, दोघंही धंद्याच्या जगातून आलेले. पुढे दोघांनाही वेस्टलँड या प्रकाशनसंस्थेनं उचललं.

मराठीत शरद तांदळे यांनी वेगळा रस्ता धरला. 'रावण : राजा राक्षसांचा' ही कादंबरी त्यांनी आपल्याच न्यू एरा पब्लिशिंग हाऊसतर्फे काढली आणि ती तडाखेबंद खपली. साहित्यवर्तुळात तिची चर्चा बेताचीच झाली. वाचकांचं मात्र त्यावाचून काही अडलं नाही.

यातली धंद्याची बाजू वाटते तेवढी अवघड नाही. आयएसबीएन क्रमांक सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि लेखक तो स्वतःच्या नावावर मागू शकतो. तरीही पुस्तक काढून देण्याच्या 'पॅकेज'मध्ये त्याचे पैसे लावणारे महाभाग आहेतच. खरी कटकट छपाईनंतर सुरू होते. गठ्ठे घरात येऊन पडतात, विक्रेते भरघोस सूट मागतात आणि उधारी महिनोन्‌महिने अडकते. म्हणून बहुतेक स्वतंत्र लेखक फेसबुक-व्हॉट्सॲपवर आगाऊ नोंदणी करून थेट वाचकाला पुस्तक पाठवतात. स्वस्त बुकपोस्टची जुनी सोय २०२४ च्या डिसेंबरात बंद झाली, तेव्हा ही मंडळी चांगलीच हवालदिल झाली होती. १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं 'ज्ञान पोस्ट' सुरू केली. तीनशे ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला वीस रुपये आणि वर कर, असा तिचा दर. पण ती शैक्षणिक, सांस्कृतिक अशा बिगरव्यापारी साहित्यासाठी आहे, म्हणजे निव्वळ रंजक भयकथा पाठवणाऱ्यानं खिडकीवर काय सांगायचं, हा प्रश्न उरतोच.

ज्यांना गठ्ठेच नकोत, त्यांच्यासाठी पडदा आहे. प्रतिलिपी हे वाचन-लेखनाचं व्यासपीठ २०१४ पासून, आणि किंडलवर मराठी २०१६ च्या अखेरीपासून. इथे विक्रीची पद्धत हळूहळू लेखनाच्या अंगात शिरते. किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या योजनेत २०१५ पासून वाचल्या गेलेल्या पानांवर पैसे मिळतात. प्रतिलिपीवर पुढचा भाग लगेच हवा असेल, तर अनेक मालिकांसाठी वाचकाला पैसे मोजावे लागतात. मग कथा लांबते. ऑफिसातला तुसडा बॉस, मनाविरुद्ध झालेलं लग्न, श्रीमंत सासर. आठशे-हजार शब्दांचा भाग, त्यातले पहिले दोनशे मागच्या भागाची उजळणी करण्यात खर्ची, आणि शेवटच्या ओळीत दाराची बेल. दारात कोण आहे, ते उद्या. असे पाच-पंचवीस भाग सलग वाचले की ध्यानात येतं, बेल वाजवणारा बहुतेक वेळा दूधवालाच निघतो.

दोष क्रमशः लिहिण्याचा नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरीही १८९० साली निघालेल्या 'करमणूक' या त्यांच्याच साप्ताहिकातून क्रमशः आली. पाल्हाळ त्यांच्याकडेही आहे. पण नायिका यमूचं दुःख प्रकरणागणिक गडद होत जातं, ते पुढच्या अंकाचं आमिष म्हणून वापरलं जात नाही. आजच्या सोयीपेक्षा हरिभाऊंची गोष्ट वेगळी ठरते ती इथे: अंक काढणारा संपादक आणि लिहिणारा कादंबरीकार एकच असूनही संपादक झोपलेला नव्हता.

श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे 'सत्यकथा' मासिकाचे संपादकही कथा परत पाठवत, लेखकाकडून पुन्हा लिहून घेत. त्या शिस्तीत काही चांगले लेखक गुदमरले, हेही खरं, आणि स्वतंत्र प्रकाशनाची ओढ काही अंशी त्यातूनच आली असावी. पण दार मोडताना मंडळींनी उंबरठाही उखडला. आज स्वतःच्या खर्चानं निघालेल्या कादंबरीत मुखपृष्ठ झकास असतं, प्रकाशनसमारंभाचं चित्रीकरण त्याहून झकास. आत मात्र तिसऱ्या प्रकरणातला 'सुरेश' सातव्यात 'रमेश' होतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांसारख्या शब्दांतली जोडाक्षरं फुटतात आणि तशीच ई-पुस्तकात जातात. या चुका मुद्रितशोधक एका बैठकीत पकडतो. पात्राचं वागणं दोनशे पानं का पटत नाही, हे सांगायला मात्र संपादकच लागतो. खर्चाला कात्री लागते ती नेमकी त्याच्या मानधनाला.

संपादकाची जागा वाचक घेऊ शकतील का? अँडी वीअर या अमेरिकी लेखकानं 'द मार्शियन' आधी आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणानं फुकट टाकली. विज्ञान जाणणारे वाचक त्यातल्या रसायनशास्त्राच्या चुका काढत, तो दुरुस्त करत जाई. २०११ मध्ये तिची किंडल आवृत्ती ९९ सेंटला विकायला ठेवली, मग क्राउन या मोठ्या प्रकाशनसंस्थेनं ती घेतली आणि २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. आपल्याकडे प्रत्येक भागाखाली शेकडो प्रतिसाद पडतात, त्यांत 'खूप छान' आणि 'पुढचा भाग लवकर टाका' यांचाच भरणा. नायिकेला मागच्याच भागात नोकरीवरून काढलं होतं, मग आज ती ऑफिसात कशी, असं विचारणारा वाचक क्वचितच भेटतो. आणि भेटलाच, तर बाकीचे चाहते आधी त्याचीच खरडपट्टी काढतात.