‘सिल्व्हरलाइट’ : एका आश्वासनाचे दोन भाग

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सिल्व्हरलाइट’ या यंत्रणेविषयी सर्वसाधारणपणे जो निर्णय दिला जातो तो एका वाक्यात मावणारा आहे : ॲडोबी कंपनीच्या ‘फ्लॅश’शी स्पर्धा करावयास ती उशिरा आली, आणि पुढे एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीने दोघींनाही बाजूस सारले. हा निर्णय चुकीचा नाही. पण अपुरा आहे. सिल्व्हरलाइटने देऊ केलेल्या गोष्टी दोन होत्या. त्या एकत्र मोजल्यामुळे, त्यांपैकी एकीची जी गती झाली ती दुसरीची झाली नाही, ही बाब दृष्टिआड होते.

वेबपृष्ठ ही मूलतः मजकूर व स्थिर चित्रे मांडण्याची पद्धती होय. हलते चित्र दाखवावयाचे, तर ब्राउझरला ‘प्लग-इन’ या नावाने ओळखला जाणारा एक पुरवणी कार्यक्रम बाहेरून जोडावा लागे. २००५ साली सुरू झालेले यूट्यूबदेखील प्रारंभी फ्लॅशच्याच आधाराने चालत असे. सिल्व्हरलाइट हेही एक प्लग-इनच होते. मात्र विंडोज व मॅकिन्टॉश या दोन्हींवर, निरनिराळ्या ब्राउझरांत, एकसारख्या रूपात उत्तम प्रतीचे चलचित्र दाखविण्याची हमी त्याने दिली. आणि २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून सी-शार्पसारख्या भाषांत काम करणाऱ्या कार्यक्रमलेखकांना आपली विद्या तशीच ब्राउझरात नेण्याची मुभा दिली.

यांपैकी पहिल्या हमीचा विचार करता, तिला अपयश आले असे म्हणणे कठीण आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिक सामन्यांचे चित्रण एनबीसी या अमेरिकन संस्थेने याच साधनाने आपल्या संकेतस्थळावर दाखविले. त्याच वर्षी नेटफ्लिक्सनेही त्याचा स्वीकार केला. पाठोपाठ ‘स्मूद स्ट्रीमिंग’ ही पद्धती आली. तिच्यात चलचित्राचे सुमारे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा अनेक प्रतींत, म्हणजे कमीअधिक स्पष्टतेत, सिद्ध ठेवला जाई. प्रेक्षकाच्या जोडणीचा वेग मंदावला की पुढचा तुकडा कमी स्पष्टतेचा मागविला जाई. चित्र थोडे धूसर होई, पण थांबत नसे. यासाठी निराळा खर्चिक सर्व्हर लागत नसून वेबपृष्ठे पाठविणारी साधी एचटीटीपीची वाटच पुरे होई. ही कल्पना एकट्या मायक्रोसॉफ्टची नव्हे. ॲपलनेही २००९ साली याच तत्त्वावरील आपली पद्धती पुढे आणली. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एमपेग-डॅश’ या आंतरराष्ट्रीय मानकात हेच तत्त्व स्थिरावले, आणि आजचे चलचित्र-प्रसारण बहुतांशी त्यावरच उभे आहे.

दुसऱ्या हमीची गोष्ट निराळी आहे. पहिल्या आवृत्तीत पडद्यावरील रचना ‘झॅमल’ या भाषेत साध्या मजकुराच्या रूपाने लिहिली जात असे. रेषा कोठे, अक्षरे कोणती, हालचाल किती वेळाची, हे कोणत्याही संपादकात उघडून वाचता येई. दुसऱ्या आवृत्तीत सामर्थ्य वाढले, तसा पडदाही पडला : सारा कार्यक्रम यंत्ररूप करून ‘झॅप’ या एका गाठोड्यात बांधून पाठविला जाऊ लागला. परिणामी जी आवृत्ती दुर्बल म्हणून मागे टाकली गेली, तिच्यात लिहिलेले काम आज वाचकाला अधिक उलगडते. (सामर्थ्याची वाढही सर्वांच्या वाट्यास एकदम आली नाही. अरबी, हिब्रू, थाई यांसारख्या लिपींना पूर्ण आधार मिळण्यास २०१० ची चौथी आवृत्ती यावी लागली. ‘एकसारखे रूप’ या शब्दांचा अर्थ तोवर रोमन लिपीपुरताच समजावयाचा होता काय, असे विचारणे गैर ठरू नये.)

‘सर्वत्र’ या शब्दाचेही असेच झाले. लिनक्ससाठी नोव्हेल कंपनीच्या आश्रयाने ‘मूनलाइट’ हा मुक्त अवतार रचला गेला. पण नकलेपासून संरक्षण करणारे कुलूप त्यात नसल्यामुळे नेटफ्लिक्सचे चित्रपट त्यावर दिसत नसत. आयफोनवर तर प्लग-इनला प्रवेशच नव्हता. ऑक्टोबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचे अधिकारी बॉब मग्लिया यांनी धोरण बदलल्याचे सांगितले, आणि सर्व यंत्रांवर पोचण्याचा मार्ग म्हणून एचटीएमएलकडे बोट दाखविले. त्यानंतर डिसेंबर २०११ मध्ये पाचवी व अखेरची आवृत्ती निघाली. २०१५ साली क्रोम ब्राउझरने असल्या प्लग-इनांची जुनी वाट बंद केली, आणि १२ ऑक्टोबर २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टचे पाठबळही संपले.

या विलयाला मुक्त मानकांचा विजय मानण्याची प्रथा आहे. तो अंशतःच मान्य करता येतो. नेटफ्लिक्सने सिल्व्हरलाइट सोडले ते संरक्षित चलचित्राची सोय ब्राउझरातच होऊ लागली म्हणून. त्या सोयीला डब्ल्यूथ्रीसी या मानकसंस्थेने २०१७ साली तीव्र विरोध होत असतानाही मान्यता दिली. तीत कुलूप उघडणारा भाग आजही बंदिस्तच असतो; तो वेगळा जोडावा लागत नाही, एवढाच फरक. प्रेक्षकाला हा फरक मोठा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र जुन्या कृतींचे जतन करणाऱ्याला अडचण तीच राहते.

चलचित्र दुसऱ्या पेटीत भरता येते. ज्यांचा मूळ ठेवा निर्मात्याजवळ होता ती चित्रे नव्या मानकात सहज गेली. कार्यक्रमाचे तसे नाही. नकाशे, कार्यालयीन पत्रके, शैक्षणिक प्रयोग, चित्रसंग्रहात खोलवर शिरू देणाऱ्या ‘डीप झूम’च्या मांडण्या, या साऱ्यांचे चालणे त्या एका प्लग-इनवर अवलंबून होते. ऑक्टोबर २०२१ मध्येच ‘ओपनसिल्व्हर’ या मुक्त प्रकल्पाची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. सिल्व्हरलाइटसाठी लिहिलेली मूळ संहिता नव्याने बांधून ती प्लग-इनशिवाय ब्राउझरात चालविण्याची सोय तिच्यात आहे. मूळ संहिता ज्यांनी जपून ठेवली त्यांना हा मार्ग उपलब्ध आहे. ज्यांच्याजवळ केवळ झॅपचे गाठोडे उरले आहे, त्यांना ते उसवून आतील यंत्ररूपातून मूळ रचना परत शोधावी लागते.