कोश उघडावा कसा?

वसईच्या विद्यार्थ्यानें आपल्या गांवाची माहिती मुंबई इलाख्याच्या जुन्या इंग्रजी ग्याझेटियरांत कोठें पाहावी? पालघर जिल्हा २०१४ सालचा. १८८२ सालीं वसई ठाणें जिल्ह्यांत, म्हणून चौदाव्या खंडांत, आणि तीही ‘बॅसीन’ या नांवाखालीं. नुसतें ‘बॅसीन’ हुडकावें, तर ब्रह्मदेशांतलें बॅसीनहि पुढें उभें राहतें! डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे पहिले पांच खंड तर प्रस्तावनेचेच, वर्णक्रम त्यापुढें. आमच्या शाळांतून कोशांतला मजकूर सुवाच्य अक्षरांत उतरून आणणाऱ्यास शाबासकी मिळते. नांव बदललें, सरहद्द बदलली, तर कोणता शब्द काढावा, हें मात्र क्वचितच शिकवितात. चिमाजी अप्पांच्या विजयाचें १७३९ हें साल पाठ म्हणणाऱ्या मुलास त्याचें पान काढतां येऊं नये, हा दोष मुलाचा खास नव्हे. कपाटाची किल्ली तरी त्याच्या हातीं कोण देतो?