पडद्यावर हुतात्मा, घरी पेन्शनर

देहूरोडला युद्ध म्हणजे पाळी. इथल्या आयुध निर्माणीत प्रकाशगोळे, धूरगोळे तयार होतात, लष्कराच्या डेपोत सामानाची आवक-जावक चालते. आपल्या युद्धपटांना या कामाची दखल घ्यावीशी वाटत नाही. त्यांचा सैनिक पायदळातला असतो, त्याच्या खिशात घरचं पत्र असतं आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्याला मरायचं असतं.

जे. पी. दत्तांचा ‘बॉर्डर’ (१९९७) घ्या. लोंगेवालाच्या लढाईत १९७१ साली आपले दोन जवान कामी आले. पडद्यावर मात्र एकामागून एक पडतात. सुनील शेट्टीने उभे केलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोडही त्यात धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात त्यांना सेना पदक मिळालं आणि ते वारले २०२२च्या डिसेंबरात. म्हणजे तब्बल पाव शतक हा माणूस आपल्याच हौतात्म्याचा प्रेक्षक होता! जिवंत राहिल्याने पराक्रम उणा ठरतो, असं दिग्दर्शकाला वाटलं असावं.

या पार्श्वभूमीवर ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) वेगळा ठरतो. त्याचे खरेखुरे नायक मुरलीकांत पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातले, ईएमईचे, म्हणजे लष्कराची वाहनं-यंत्रं चालती ठेवणाऱ्या शाखेतले जवान. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. दिग्दर्शक कबीर खान यांना जगलेल्या सैनिकात गोष्ट दिसली, हे मोठंच. पण त्यांचा ओढा कुस्ती, बॉक्सिंग, पदक अशा टाळ्यांच्या जागांकडेच. निकामी पाय घेऊन काढलेली मधली दशकं झरझर सरतात, आणि म्हातारपण पोलीस ठाण्यातल्या विनोदी चौकटीत बसवलं जातं. तरी चित्रपट आल्यावर वर्षाच्या आत, जानेवारी २०२५मध्ये, पेटकरांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला. पद्मश्री २०१८लाच मिळाली होती. तेव्हा त्यांचं नाव किती जणांना ठाऊक होतं?

मला या बाबतीत अजूनही नाना पाटेकरांचा ‘प्रहार’ (१९९१) उजवा वाटतो. त्यातला पीटर काल्पनिक आहे. जायबंदी होऊन तो लष्करातून बाहेर पडतो, घरची बेकरी सांभाळतो आणि हप्ता नाकारला म्हणून गुंडांच्या हातून मरतो. मोहल्ला बघत राहतो. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या कवायतीतून आलेला अस्सलपणा त्यात आहेच. पण गणवेश उतरल्यावर सैनिकाचं काय होतं, हा प्रश्न विचारण्याचं धाडस जास्त मोलाचं.

श्रीराम राघवन यांचा ‘इक्कीस’ तोच प्रश्न वडिलांच्या बाजूने विचारतो. पुण्यात जन्मलेले रणगाडा दलाचे अधिकारी अरुण खेत्रपाल १९७१च्या युद्धात बसंतरच्या लढाईत एकविसाव्या वर्षी गेले; तीस वर्षांनी त्यांचे वडील पाकिस्तानात त्या लढाईतल्या पलीकडच्या अधिकाऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून राहिले. रणगाड्यांच्या धुरळ्यापेक्षा त्या दोन म्हाताऱ्यांचं अवघडलेपण मला जास्त खरं वाटलं.