काष्ठसुषिर पंचकाची नवी रचनासंपदा : 'इमानी विंड्स'च्या कार्याची चिकित्सा

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील चेंबर म्युझिकचा विचार बहुधा तंतुवाद्यांच्या चौकडीभोवतीच फिरतो. हायडन, मोझार्ट, बीथोवन या तिघांनीही तिच्यासाठी विपुल लेखन केले; मात्र फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न यांच्या पंचकासाठी त्यांनी लिहिले नाही. (हॉर्न पितळी असूनही हे पंचक 'काष्ठ'च म्हणवते.) आंतोन रायखा यांच्या २४ पंचकांनंतर नील्सन (१९२२), शोएनबर्ग (१९२४), बार्बर (१९५६) अशी ठळक नावे मोजकीच आढळतात. या दारिद्र्याचे एक कारण वाद्यांतच आहे. पाचही वाद्यांचा नादगुण भिन्न असल्याने चौकडीतील एकजीव स्वर येथे सहजासहजी लाभत नाही.

व्हॅलरी कोलमन यांनी १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेल्या 'इमानी विंड्स'ने या उणिवेलाच सामर्थ्य मानले, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. आफ्रिकी-अमेरिकी आणि लॅटिन अमेरिकी वारशाच्या वादकांच्या या संचाने वेन शॉर्टर, जेसन मोरान अशा जॅझ परंपरेतील कलावंतांकडून नव्या रचना लिहवून घेतल्या. आपल्यासारख्या वाचकाच्या दृष्टीने त्यांतील विशेष लक्षणीय रचना म्हणजे रीना इस्माईल यांची 'द लाइट इज द सेम'. यमन आणि वाचस्पती या रागांवर ती आधारलेली आहे. दोहोंत तीव्र मध्यम समान. यमनचा निषाद शुद्ध, वाचस्पतीचा कोमल. एका स्वराच्या अंतराने प्रकृती किती पालटते, हे भिन्न नादगुणांच्या वाद्यांतून ऐकणे अर्थपूर्ण ठरते. कळांच्या वाद्यांवर मींड मर्यादितच निघते, हा आक्षेप खराच आहे. पण ही रचना रागविस्तार म्हणून नव्हे, तर दोन रागांच्या नात्यावरील चिंतन म्हणून ऐकावयास हवी. तिला 'फ्यूजन' म्हणून निकालात काढणे हा आपल्याकडील समीक्षेचा आळस होय.

तथापि नव्या रचना लिहवून घेणे आणि त्या परंपरेत रुजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोलमन यांची 'उमोजा' मूळ स्त्रियांच्या वृंदगानासाठी होती. पंचकाच्या रूपात ती इतर संचांनीही आपलीशी केली आणि २०१९ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने तिचे वाद्यवृंदरूप सादर केले. २०२४ च्या ग्रॅमी पुरस्काराने गौरवलेल्या 'पॅशन फॉर बाख अँड कोल्ट्रेन' या ध्वनिमुद्रणाबाबत असा प्रसार संभवत नाही, कारण जेफ स्कॉट यांच्या या रचनेस पंचकाखेरीज इतरही वादक लागतात. विजय अय्यर यांची 'ब्रुइट्स' ट्रेव्हॉन मार्टिन या तरुणाच्या २०१२ मधील हत्येच्या पार्श्वभूमीवर लिहिली गेली आहे. प्रस्तुत लेखिकेस ती या साऱ्यांत अधिक धाडसी वाटते. परंतु तिलाही पियानोची जोड आवश्यक आहे, आणि केवळ पाच वादक जमवून बसणाऱ्या महाविद्यालयीन संचाला ती तशी दूरचीच राहते.