‘संजू’ आणि लोकमानसाची क्षमाशीलता : एक चिकित्सा

प्रस्तावना

प्रसिद्ध व्यक्तीच्या गैरवर्तनाला समाज वेगळा न्याय लावतो, हे विधान सर्वपरिचित आहे. मात्र ही सूट नेमकी कोणत्या मार्गाने दिली जाते, याचा विचार अभावानेच होतो. राजकुमार हिरानी दिग्दर्शित ‘संजू’ (२०१८) या चित्रपटाच्या आधारे या प्रक्रियेचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सैद्धांतिक भूमिका

अमित भट्टाचार्जी, जोनाथन बर्मन व अमेरिकस रीड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चाहत्यांच्या दोन भूमिका वेगळ्या केल्या आहेत. पहिली समर्थनाची, यात गैरकृत्यच सौम्य ठरविले जाते. दुसरी विलगीकरणाची, ‘माणूस चुकला, पण अभिनेता थोर’ असे म्हणून कृत्याचा निषेध आणि कलेचे कौतुक एकाच वेळी केले जाते. संजय दत्त यांच्या बाबतीत मात्र तिसरीच प्रक्रिया आढळते. येथे कला व्यक्तीपासून वेगळी केली जात नाही; उलट भूमिकेचे पुण्य व्यक्तीच्या खात्यावर जमा होते. या प्रक्रियेस ‘नैतिक उसनवारी’ म्हणता येईल.

प्रकरणाची पार्श्वभूमी

१२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. पुढच्याच महिन्यात दत्त यांना अटक झाली. टाडा न्यायालयाने त्यांना दहशतवादी कटाच्या आरोपातून मुक्त केले, परंतु बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरवून २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा सुनावली. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली व शिक्षा पाच वर्षांवर आणली. फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवडा कारागृहातून त्यांची सुटका झाली.

दरम्यानच्या काळात ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) व ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) प्रदर्शित झाले होते. २०१३ मध्ये न्या. मार्कंडेय काटजू यांनी दत्त यांना माफी मिळावी अशी मागणी केली. त्यांनी दिलेल्या कारणांत, दत्त यांनी चित्रपटाद्वारे गांधीजींची स्मृती जागवली, हेही एक कारण होते. पटकथेतील गांधीविचार नटाच्या चारित्र्याचा पुरावा ठरावा, हे उसनवारीचे बोलके उदाहरण होय.

चित्रपटाची युक्ती

‘संजू’च्या आरंभी एक लेखक नायकाची तुलना गांधीजींशी करतो आणि नायक संतापतो. भडक स्तुतीची अशी थट्टा करून चित्रपट प्रेक्षकाचा विश्वास संपादन करतो व सूक्ष्म समर्थनाला वाट मोकळी करून देतो. हे समर्थन तीन अंगांनी येते.

पहिले अंग नावाचे. ‘संजू’, ‘बाबा’ ही घरातल्या लाडक्या मुलाची नावे आहेत. अटकेच्या वेळी दत्त तेहेतीस वर्षांचे होते. पडद्यावर मात्र वाट चुकलेले लेकरूच दिसते. दुसरे अंग पित्याचे. सुनील दत्त यांची तडफड पाहताना प्रेक्षकाची करुणा बापाकडून मुलाकडे नकळत सरकते. तिसरे अंग खलनायकाचे; ती जागा वृत्तपत्रांना दिली आहे.

व्यसनाधीनता व स्त्रियांशी वागणूक यांची कबुलीही येथे आहे. परंतु शेकडो संबंधांची कबुली विनोदाच्या अंगाने येते आणि पहिल्या दोन पत्नी व थोरली मुलगी कथेतून वगळल्या जातात. ज्यांना झळ पोहोचली असेल त्यांना पडद्यावर जागा नाही; अशा कबुलीची किंमत कबुली देणाऱ्याला मोजावी लागत नाही.

संभाव्य आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की, कटाचा आरोप न्यायालयाने खरोखरच फेटाळला होता आणि वृत्तपत्रांचा उतावळेपणाही काल्पनिक नाही. हे मान्यच करावे लागेल. परंतु चित्रपट ‘मी दहशतवादी नाही’ या प्रश्नावर इतका भर देतो, की सिद्ध झालेला शस्त्रांचा गुन्हा पार्श्वभूमीला जातो. एका आरोपातून मिळालेली मुक्तता उरलेल्या सर्व वर्तनावर पांघरली जाते. स्वतः दत्त यांनी २०१३ मध्ये आपण माफीसाठी अर्ज करणार नसल्याचे जाहीर केले होते. चाहत्यांपेक्षा त्यांची ही भूमिका अधिक सरळ होती, असेच म्हणावे लागेल.

समारोप

क्षमा हे समाजाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पुन्हा उभे राहू देणे योग्यच आहे. आक्षेप क्षमेवर नसून तिच्या वाटपावर आहे. याच खटल्यात शिक्षा झालेल्या एका वृद्ध महिलेसाठीही काटजू यांनी माफी मागितली होती. तिची दोषसिद्धी टाडाखालील, म्हणजे अधिक गंभीर होती, हे खरे. परंतु तिच्या बाजूने वा विरुद्ध फारसे कोणी हिरिरीने बोलले नाही. तिच्या गुणदोषांचा विचार करण्याइतपतही तिची कथा कोणाला ठाऊक नव्हती. तिच्याजवळ मुन्नाभाई नव्हता. चित्रपट व माध्यमांचे अध्यापन करताना ‘नायक दोषी की निर्दोष’ या प्रश्नापूर्वी ‘कथा कोणाला मिळाली आणि कोणाला नाही’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे म्हणूनच आवश्यक वाटते.