थांबणारे तेल

रायपूरजवळील राजीम या तीर्थक्षेत्राचे नाव ज्या राजीम तेलिणीवरून पडले असे लोकपरंपरा मानते, तिच्या एका प्रचलित कथेत नदीकाठी सापडलेली एक शिळा आहे. त्या शिळेच्या सान्निध्यात दिवसभर विकूनही तेल सरत नाही. पुढे तीच शिळा राजीवलोचनाच्या देवालयात प्रतिष्ठित होते. असेच न सरणारे तेल यहुदी धर्मग्रंथांतील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात आढळते. दोन्ही कथांना भक्तीचे फळ सांगणाऱ्या कथा म्हणून एका पंक्तीस बसविण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि यहुदी कथेचे मर्म तेल थांबते त्या क्षणात आहे.

ऋणापायी एका विधवेचे दोन मुलगे सावकार दास म्हणून नेणार असतो. घरात तेलाचे एकच भांडे उरलेले असते. संदेष्टा अलीशा तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगतो. ती भरतात, आणखी भांडे उरत नाही, तेव्हा तेल थांबते. मग आदेश मिळतो तो केवळ व्यवहाराचा: तेल विकावे, ऋण फेडावे, उरलेल्यावर निर्वाह करावा. राजीमचा चमत्कार देवालयात विसावतो, अलीशाचा ऋणमोचनात.

संपदेला अशी मर्यादा घालणे हेच प्राचीन यहुदी अर्थविचाराचे सूत्र होय. सातव्या दिवसाची विश्रांती दासालाही आणि गुराढोरांनाही विहित आहे. सातव्या वर्षी भूमी पडीक राहावी व ऋण सुटावे. पन्नासाव्या वर्षी विकलेली वडिलार्जित जमीन मूळ कुळाकडे परतावी. हा विचार अव्यवहार्य होता, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. ऋणमुक्तीचे वर्ष जवळ आले म्हणून धनिक हात आखडता घेईल, ही भीती 'अनुवाद' या ग्रंथानेच, पंधराव्या अध्यायात, बोलून दाखविली आहे. ती खरी ठरली, तेव्हा इसवी सनाच्या आरंभकाळी होऊन गेलेल्या हिल्लेल या आचार्याने ऋणवसुलीचा हक्क न्यायसभेकडे सोपविण्याची तोड काढली. नियम वाकविला गेला. परंतु त्याचे कारणही गरिबाला कर्ज मिळावे हेच होते.

या विचाराची एक खूण मराठी भूमीतही उमटली आहे. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल तेल्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून ते 'शनवार तेली' म्हणविले गेले. तेल गाळणे हा इतर तेल्यांचाही व्यवसाय होता. शेजाऱ्यांच्या ध्यानी राहिला तो थांबलेला घाणा. अलीशाच्या कथेचे याहून समर्पक भाष्य दुर्मीळच.